सगळ्यांचा मिळून किती?

(प्रस्तावना)

काही वर्षांपूर्वी चंद्रपूर जिल्ह्यातल्या एका जनसुनावणीला मी मागच्या रांगेत बसलो होतो. मांडव, सतरंज्या, पुढे अधिकाऱ्यांचं टेबल, बाजूला पडदा. पडद्यावर सल्लागार संस्थेचा एक तरुण अभियंता तक्ता समजावून सांगत होता : आज हवेत सल्फर डायऑक्साइड इतका, आमच्या नव्या चिमणीमुळे त्यात भर इतकी, बेरीज इतकी आणि मर्यादा ८०ची, म्हणजे सगळं आत. तक्ता नीटनेटका होता, बेरीजही बरोबर होती. तेवढ्यात मधल्या रांगेतून एक म्हातारे गृहस्थ उठले.

"तुमचा धूर मर्यादेत हाय म्हनता. त्या पलीकडच्याइचाबी मर्यादेत हाय. मंग आमच्या आंगनात सगळ्याइचा मिळून किती होते, थे सांगा ना."

अभियंता जरा थांबला आणि म्हणाला, "तो आमच्या अभ्यासाचा भाग नाही, काका."

त्याचं उत्तर खोटं नव्हतं. त्याला नेमून दिलेलं काम एका चिमणीचं होतं आणि ते त्यानं चोख केलं होतं. मला मात्र ते उत्तर झोंबलं, कारण अशी मुलं मीच शिकवली होती. पंचवीस वर्षं मी अभियांत्रिकीच्या वर्गात वायुप्रदूषण शिकवलं आणि पंचवीस वर्षं फळ्यावर एकच चिमणी काढली. डावीकडे चिमणी, डावीकडून उजवीकडे वाहणारा वारा, धुराचा रुंदावत जाणारा पट्टा आणि तो जिथे जमिनीला टेकतो तिथे एक फुली. परीक्षेतला प्रश्नही एकाच चिमणीचा. चिमण्या अनेक असतील तर काय करायचं, हे पाठ्यपुस्तकात अर्ध्या ओळीत उरकलेलं असे : प्रत्येकीचा परिणाम वेगळा काढावा आणि बेरीज करावी. हे पुस्तक म्हणजे त्या अर्ध्या ओळीचा विस्तार आहे.

ती अर्धी ओळ चुकीची नाही. देवघरात एक उदबत्ती जळत असताना शेजारी दुसरी लावली, तर दुसरीचा धूर पहिलीच्या धुराला बाजूला सारत नाही. हवेच्या मानानं दोन्ही धूर इतके विरळ असतात की एकाला दुसऱ्याचा पत्ता नसतो. त्यामुळे खोलीच्या कुठल्याही कोपऱ्यात वास किती, तर पहिलीचा अधिक दुसरीचा. कारखान्यांच्या चिमण्यांचंही तेच. अंगणातल्या एक घनमीटर हवेत प्रत्येक चिमणी आपली वर्गणी टाकते आणि श्वास घेणाऱ्याच्या वाट्याला सगळी जमा रक्कम येते. 'वर्गणी' हा शब्द मी या पुस्तकात मुद्दाम शेवटपर्यंत वापरला आहे. पावती प्रत्येकाची वेगळी फाडली जाते, पण पेटी एकच असते, हे त्या शब्दात आपोआप येतं.

इथवर सोपं आहे. गुंता पुढे आहे : ही बेरीज त्याच जागेची आणि त्याच वेळेची असावी लागते. एका कारखान्याचा सर्वांत मोठा आकडा उत्तरेकडच्या गावात मेच्या दुपारी येतो, दुसऱ्याचा दक्षिणेकडच्या वस्तीत डिसेंबरच्या पहाटे. हे दोन आकडे एकमेकांत मिळवले तर उगाच भीती दाखवल्यासारखं होईल. उलट ते दोन्ही सुटे ठेवून 'दोघंही मर्यादेत' म्हटलं, तर ज्या तिसऱ्या गावात दोघांचीही मध्यम वर्गणी एकाच दिवशी पडते, ते गाव हिशोबातून निसटतं. म्हणून मॉडेल दर तासाला नव्यानं मांडामांड करतं. त्या तासाचा वारा कुठून, किती जोराचा आणि आकाश कसं, हे घ्यायचं. मग नकाशा एकेका चिमणीपाशी ठेवून वाऱ्याच्या दिशेला फिरवायचा आणि विचारायचं : या चिमणीपासून ते अंगण वाऱ्याच्या दिशेनं किती दूर आहे आणि धुराच्या मधल्या रेषेपासून किती बाजूला आहे? चिमणीतून दर सेकंदाला निघणाऱ्या प्रदूषकाला तीन गोष्टींनी भागायचं : वाऱ्याचा वेग, पट्ट्याची रुंदी आणि पट्ट्याची जाडी. मधल्या रेषेपासून जितकं दूर जावं तितका आकडा घंटेच्या आकाराच्या वक्ररेषेनं उतरत जातो. गणितज्ञ गाउसच्या नावानं ती रेषा ओळखली जाते, म्हणून हे 'गाउसीय' मॉडेल. दहा चिमण्या, नकाशावरचे हजार बिंदू आणि वर्षाचे ८,७६० तास धरले, तर हा भागाकार ८ कोटी ७६ लाख वेळा करावा लागतो. आजच्या साध्या लॅपटॉपला ते जड नाही. जड जातं ते दहाही चिमण्यांचे खरे आकडे एका कागदावर आणणं. त्याकडे मी शेवटी येणार आहे.

या गणिताचा जन्म कारखान्यांच्या चिंतेतून झालेला नाही, हे वाचकाला ठाऊक असलेलं बरं. पहिल्या महायुद्धात विषारी वायू वापरला गेला आणि १९१६ मध्ये इंग्लंडमध्ये पोर्टन इथे लष्करी संशोधन केंद्र निघालं. सोडलेला वायू वाऱ्यावर किती दूर आणि किती दाट जाईल, हे तिथल्या हवामानशास्त्रज्ञांना सांगावं लागे. ऑलिव्हर सटन यांनी १९३२ मध्ये मांडलेला सिद्धान्त याच परंपरेतला. त्याच पठडीतल्या फ्रँक पास्किल यांनी १९६१ मध्ये एक साधा तक्ता प्रसिद्ध केला. वाऱ्याचा वेग आणि उन्हाची तीव्रता किंवा रात्रीचे ढग पाहून हवेला 'ए'पासून 'एफ'पर्यंत सहा इयत्तांत बसवायचं. 'ए' म्हणजे रणरणत्या दुपारची उसळती हवा, 'एफ' म्हणजे निरभ्र रात्रीची गोठल्यासारखी हवा. आजही आमच्या विद्यार्थ्यांना हाच तक्ता पाठ असतो.

त्याला आधार होता तो अमेरिकेतल्या नेब्रास्का राज्यात १९५६च्या उन्हाळ्यात झालेल्या प्रयोगांचा. सपाट गवताळ मैदानावर, जमिनीलगत सल्फर डायऑक्साइड सोडायचा आणि ५० मीटरपासून ८०० मीटरपर्यंतच्या कमानींवर मांडलेल्या नळ्यांनी तो टिपायचा. साधारण सत्तर वेळा हा खेळ झाला. त्या गवतावर जमलेल्या आकड्यांवरून काढलेल्या रेषा पुढे ताणत ताणत आपण २७५ मीटर उंच चिमण्यांना आणि वीस-वीस किलोमीटर अंतरांना लावल्या. पुढे खऱ्या वीजकेंद्रांच्या उंच चिमण्यांवर प्रयोग झाले, त्यांतून सुधारणा झाल्या आणि अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेनं २००५ मध्ये 'एअरमॉड' हे नवं मॉडेल अधिकृत केलं. आपल्याकडचे सल्लागारही आज बहुधा तेच वापरतात. तरीही गणिताचं गोत्र विसरू नये. सपाट माळ, वाहता वारा आणि एकच उगम यांच्या घरात ते वाढलं आहे. दाटीवाटीच्या औद्योगिक पट्ट्यात ते पाहुणं म्हणून आलेलं आहे.

दाटीवाटीत काय होतं, याचा धडा मात्र त्याआधीच मिळाला होता. बेल्जियममध्ये म्यूज नदीच्या अरुंद खोऱ्यात लिएजच्या बाजूला पोलाद, जस्त, काच, खतं, कोक अशा कारखान्यांची रांग होती. १९३०च्या डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात त्या खोऱ्यावर धुकं बसलं, वारा पडला आणि वर ऊबदार हवेचं झाकण आलं. पाच दिवसांत साठेक माणसं गेली. चौकशी समितीला एकही कारखाना असा सापडला नाही, की ज्यानं त्या आठवड्यात काही वेगळं केलं होतं. सगळे रोजच्यासारखेच चालू होते. रोजचाच धूर खोऱ्यात अडकला आणि साचला, आणि त्यातल्या सल्फरच्या संयुगांवर समितीनं बोट ठेवलं. तपासात सहभागी असलेल्या फिर्के यांनी पुढे हिशोब करून इशारा दिला होता, की हेच लंडनमध्ये घडलं तर तीन हजारांहून अधिक माणसं दगावतील. १९५२च्या डिसेंबरात लंडनमध्ये ते घडलं. तेव्हाचा पहिला अंदाजच सुमारे ४,००० मृत्यूंचा होता. त्याच्या चार वर्षं आधी, १९४८च्या ऑक्टोबरात अमेरिकेतल्या डोनोरा या कारखान्यांच्या गावात वीस जण गेले होते. तिन्ही ठिकाणी दोषी चिमणी शोधायला निघालेल्यांना चिमण्यांची बेरीज सापडली.

ते 'झाकण' हा या पुस्तकाचा अर्धा विषय आहे. एरवी वर जावं तशी हवा थंड होत जाते. हिवाळ्याच्या निरभ्र रात्री जमीन भराभर निवते, तिला चिकटलेली हवाही निवते आणि वरची हवा तुलनेनं ऊबदार राहते. भूगोलाच्या पुस्तकात याला तापमानाची विपरीतता म्हणतात. खालची थंड, जड हवा वर उठत नाही. तिच्यात सोडलेलं काहीच वर जात नाही. वैदर्भीय माणसाला हे शिकवावं लागत नाही. जानेवारीत संध्याकाळी सातनंतर चुलींचा आणि शेकोट्यांचा धूर गावावर कमरेएवढ्या उंचीवर आडवा पसरलेला त्यानं पाहिलेला असतो.

आता चंद्रपूरच्या आसपासच्या चिमण्या डोळ्यांसमोर आणा. शहराच्या कुशीत, दुर्गापूरच्या बाजूला २,९२० मेगावॅट क्षमतेचं महाऔष्णिक वीजकेंद्र. बल्लारपूरला कागद गिरणी, घुग्गुस आणि गडचांदूरच्या पट्ट्यात सिमेंटचे कारखाने, औद्योगिक वसाहतींत लोखंड-पोलादाचे छोटे-मोठे उद्योग, आणि या सगळ्यांच्या मधे कोळशाच्या खाणी. उंच चिमणीचं तोंड रात्री बहुतेक वेळा त्या झाकणाच्या वर असतं. तिचा धूर वरच्या वर निघून जातो. खाली झोपलेल्या गावाला तो शिवतही नाही. त्याच रात्री वीस-तीस मीटरची बॉयलरची चिमणी, वीटभट्टी, खाणीतला जळता कोळसा आणि घरोघरच्या शेगड्या झाकणाखाली असतात. त्यांचा धूर तिथेच राहतो. दुपारी चित्र उलटतं. उन्हानं तापलेली हवा मोठमोठ्या भोवऱ्यांनी वरखाली होते आणि उंच चिमणीचा धूर ओढून जमिनीवर आणते. बुटक्या चिमण्यांचा धूर मात्र तेवढ्यात पार पातळ झालेला असतो. या दोन्हींच्या मधे सकाळची एक वाईट वेळ असते. सूर्य वर येतो, झाकण खालून वितळायला लागतं, आणि रात्रभर वर तरंगत राहिलेला उंच चिमण्यांचा पट्टा अर्ध्या-पाऊण तासासाठी एकदम खाली येतो. शाळेत जाणाऱ्या मुलांची वेळही साधारण तीच.

म्हणून 'खरा गुन्हेगार कोण' या चहाच्या टपरीवरच्या वादात दोन्ही बाजू बरोबर असू शकतात. रात्रीची पेटी बुटक्यांनी भरलेली असते, दुपारची उंचांनी. बेरजेतली पदं तीच असली तरी त्यांचे आकार तासागणिक बदलतात. चोवीस तासांच्या सरासरीत हे सगळं सपाट होऊन जातं आणि वर्षाच्या सरासरीत तर नाहीसंच होतं.

उंचीचं गणित आणखी एका कारणानं मुळातून समजून घेण्यासारखं आहे. चिमणीची उंची आणि तोंडातून बाहेर पडल्यावर गरम धूर जेवढा आणखी वर चढतो ती उंची मिळून 'परिणामी उंची' होते. जमिनीवरचा सर्वांत मोठा आकडा साधारणपणे या उंचीच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात असतो : उंची दुप्पट तर आकडा पाव. आता दोन मानलेल्या चिमण्या घ्या. एकीतून सेकंदाला १,००० ग्रॅम वायू निघतो आणि परिणामी उंची ४०० मीटर आहे. दुसरीतून फक्त १० ग्रॅम निघतो, पण परिणामी उंची ४० मीटर आहे. भागाकार करून पाहा, एकाच हवामानात दोघींचा जमिनीवरचा कमाल आकडा सारखाच येतो. पहिलीचा धूर शंभरपट, तरी अंगणात दोघींचं वजन एक. फरक अंतराचा : धाकटीचा घाव जवळच्या वस्तीवर, थोरलीचा कित्येक किलोमीटर पलीकडच्या गावावर.

या उदाहरणाचा वापर दोन्ही बाजूंनी होतो, हे मी पाहिलं आहे. मोठ्या कारखान्याचा माणूस म्हणतो, "बघा, आमची चिमणी उंच, आमचा त्रास नाही." पण तो शंभरपट वायू कुठे नाहीसा झालेला नसतो, पातळ होऊन पुढच्या तालुक्यात गेलेला असतो. उंच चिमणी धूर वाटून टाकते, कमी करत नाही. जिथे अशा दहा उंच चिमण्या शेजारी शेजारी उभ्या राहतात, तिथे एकीनं पातळ करून दिलेल्या धुरावर दुसरीचा पातळ धूर पडतो, त्यावर तिसरीचा. पातळ वरणात पातळ वरण ओतत राहिलं तरी पातेलं भरतंच.

आपले नियम या भरत्या पातेल्याकडे कसे पाहतात, याचं एक उदाहरण पुस्तकात सविस्तर सोडवलं आहे. लहान उद्योगांच्या चिमणीची उंची ठरवायला एक सूत्र आहे : ताशी किती किलो सल्फर डायऑक्साइड निघतो, त्या संख्येचा ०.३ घात घ्यायचा आणि १४नं गुणायचं. ताशी १०० किलो असेल तर उत्तर येतं सुमारे ५६ मीटर. आता एकाच वसाहतीत असे पाच कारखाने आहेत असं समजा. प्रत्येकानं ५६ मीटरची चिमणी बांधली, प्रत्येकाला संमतीपत्र मिळालं. हाच ताशी ५०० किलो वायू एकाच मालकाच्या एकाच चिमणीतून निघाला असता, तर त्याच सूत्रानं ९० मीटरची चिमणी लागली असती. नुसत्या चिमणीच्या उंचीचा विचार केला तरी, वर्गाच्या नियमानं जमिनीवरच्या आकड्यात अडीच पटीचा फरक पडतो. शिवाय पाच गरम धूर एकत्र निघाले असते तर ते अधिक वर चढले असते. सूत्रात कुठेही खोट नाही. त्याला शेजारी दिसत नाही, एवढंच.

जनसुनावणीतल्या तक्त्याचंही असंच आहे. पर्यावरण परिणाम मूल्यांकनाची २००६ची अधिसूचना सांगते तशी आधीची हवा मोजली जाते आणि तिच्यात नव्या प्रकल्पाची भर मिळवली जाते. आता समजा, एका पट्ट्यात पाच प्रकल्प एकाच सुमारास परवानगी मागत आहेत. पाचही जण एकाच हिवाळ्यात हवा मोजतात. सल्फर डायऑक्साइड ३५ मायक्रोग्रॅम प्रति घनमीटर येतो. एका विशिष्ट गावात त्यांची वर्गणी अनुक्रमे १८, ११, ६, १४ आणि ३ येते. पाच अहवाल म्हणतात : ५३, ४६, ४१, ४९, ३८. चोवीस तासांची राष्ट्रीय मर्यादा ८०, म्हणजे पाचही प्रकल्प आरामात आत. पाचही उभे राहतात आणि एका वाईट दिवशी त्या गावात ३५ अधिक ५२, म्हणजे ८७ होतात. कुणीही खोटा आकडा दिलेला नाही. आकडे मी मानलेले आहेत, पद्धत मात्र रोजची आहे. त्या म्हाताऱ्या गृहस्थांनी नेमक्या याच फटीत बोट घातलं होतं.

एका पट्ट्याला एकत्र तपासण्याचा प्रयत्न आपल्याकडे झालाच नाही असं नाही. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळानं २००९ मध्ये दिल्लीच्या आयआयटीच्या मदतीनं देशातल्या ८८ औद्योगिक पट्ट्यांना गुण दिले. हे गुण कारखान्याला नव्हते, गावाला होते. ४३ पट्टे 'अतिगंभीर' ठरले. त्यांत महाराष्ट्रातले पाच होते : चंद्रपूर, डोंबिवली, औरंगाबाद, नवी मुंबई आणि तारापूर. ८३.८८ गुण मिळवून चंद्रपूर देशात चौथं आलं. जानेवारी २०१० मध्ये या पट्ट्यांत नव्या प्रकल्पांना काही काळ मनाईही झाली. गुणांच्या पद्धतीवर वाद झाले आणि ते योग्यच होते, कारण हवा, पाणी, जमीन आणि माणसांची संख्या हे सगळं एकाच आकड्यात कोंबलेलं होतं. पण शेजार ही गोष्ट सरकारी कागदावर आली, हे मोठं काम झालं. राहिलं ते पुढचं पाऊल : या गुणांतून 'कुणाची वर्गणी किती' हे कळत नाही. ते सांगायला फैलावाचं मॉडेलच लागतं.

बेरीज सरळ असल्याचा एक मोठा फायदा इथे मिळतो. प्रत्येक चिमणीतून सेकंदाला फक्त एक ग्रॅम निघतो असं धरून वर्षभराचं गणित एकदाच करून ठेवायचं. मग तयार होतं एक कोष्टक : आडव्या ओळींत गावं, उभ्या रकान्यांत चिमण्या. पुढे कुणाचं उत्सर्जन कितीही बदललं तरी त्या रकान्याला गुणलं की झालं. कुठल्या गावाला कुठली चिमणी सर्वांत महाग पडते आणि एक रुपया कुठे खर्च केला तर सर्वांत जास्त लोकांना आराम पडेल, हे त्या कोष्टकावर बोट ठेवून दाखवता येतं. ग्रामपंचायतीच्या भिंतीवर लावण्यासारखं ते कोष्टक आहे.

या गणितावर माझं प्रेम आहे, म्हणून त्याच्या उणिवाही मीच सांगायला हव्यात.

पहिली वाऱ्याची. सूत्रात वाऱ्याच्या वेगानं भागायचं असतं. वेग शून्य झाला की उत्तर अनंत. त्यामुळे वारा पडलेले तास गणितातून वगळण्याचा प्रघात आहे. म्यूजच्या खोऱ्यातले ते पाच दिवस या प्रघातानं मॉडेलला दिसलेच नसते. आपल्या हिवाळी रात्रींत असे तास पुष्कळ असतात. अहवाल हाती आला की पहिल्यांदा हे विचारावं : किती तास वगळले?

दुसरी रसायनाची. सल्फर डायऑक्साइड हवेत काही तास ते काही दिवस राहतो आणि हळूहळू सल्फेटचे बारीक कण बनतो. हवेतल्या अमोनियाशी जोडले जाऊन ते पीएम २.५ मध्ये मोजले जातात. इथे सरळ बेरीज मोडते. अमोनिया, ओलावा आणि ऊन किती आहे, यावर कण किती बनतील हे ठरतं. धूर निम्मा केला तर कण निम्मेच होतील असं नाही. डिसेंबर २०१५ मध्ये औष्णिक केंद्रांच्या सल्फर डायऑक्साइडवर पहिल्यांदा मर्यादा आली, मुदती वाढत गेल्या आणि जुलै २०२५ मध्ये बहुसंख्य केंद्रांना त्यातून सूट मिळाली. हवेतल्या वायूचे आकडे मर्यादेत आहेत, असा त्यामागचा युक्तिवाद होता. वायूपुरता तो आकडा घेतला, तरी शंभर-दोनशे किलोमीटरवर त्याच वायूचे झालेले कण वेगळ्या खात्यात जमा होतात, आणि ते खातं उघडल्याशिवाय हिशोब पुरा होत नाही. पुस्तकातलं सहावं प्रकरण याच खात्याचं आहे.

तिसरी उणीव अचूकतेची. वर्षातला सर्वांत मोठा आकडा किती असेल, हे चांगलं मॉडेल बऱ्यापैकी सांगतं. तो नेमका कुठल्या दिवशी, कुठल्या घरावर येईल हे सांगताना ते चुकतं. या क्षेत्रात दुप्पट ते निम्मं एवढ्या फरकातलं उत्तर मान्य मानतात. म्हणून मॉडेलचा ७८ पाहून 'मर्यादा ८०, म्हणजे आत' असं म्हणणारा माणूस मॉडेल ओळखत नाही.

आणि चौथी, जिच्यापुढे बाकीच्या तिन्ही फिक्या पडतात : चिमण्यांची यादी. कुठल्या चिमणीतून, किती उंचीवरून, किती तापमानाचा, ताशी किती धूर निघतो, एवढी साधी यादी बहुतेक पट्ट्यांत एका जागी मिळत नाही. आकडे आहेत, पण विखुरलेले. काही संमतीपत्रांत, काही मूल्यांकन अहवालांच्या परिशिष्टांत, काही कारखान्यांच्या सहामाही अहवालांत. सतरा प्रकारच्या अतिप्रदूषक उद्योगांना २०१४ मध्ये चिमणीवर अखंड मोजणारी यंत्रं बसवायला सांगितलं गेलं. त्यांचे आकडे मंडळाच्या संगणकांत पोचतात. ज्याच्या अंगणात धूर उतरतो, त्याच्यापर्यंत ते एका कागदावर पोचत नाहीत. ८ कोटी ७६ लाख भागाकार लॅपटॉप करून देईल, पण दहा ओळींची ही यादी कुणीतरी माणसानंच करायला हवी.

पुस्तकाची मांडणी याच क्रमानं आहे. पहिली दोन प्रकरणं एकटी चिमणी आणि तिच्यावरचं आकाश यांची. तिसऱ्यात चिमण्या दोन होतात. दोनांत जे समजतं तेच वीसांत लागू पडतं, म्हणून हे प्रकरण सावकाश वाचावं. चौथं आणि पाचवं उंची आणि वेळ यांचं. सहावं रसायनाचं. सातव्यात मूल्यांकन अहवाल कसा वाचायचा, कुठली पानं आधी उघडायची आणि माहितीच्या अधिकारात नेमकं काय मागायचं, हे आहे. शाळेत शिकलेला घातांक आणि थोडी चिकाटी एवढ्या भांडवलावर हे पुस्तक वाचता यावं असा प्रयत्न केला आहे. विद्यार्थ्यांनी ते वाचावं, सल्लागारांनी वाचावं, पण लिहिताना माझ्या समोर सतरंजीवर बसलेली माणसं होती.

आठव्या, शेवटच्या प्रकरणात मी त्या गृहस्थांच्या अंगणासाठी बेरीज मांडून पाहिली आहे. ज्या चिमण्यांचे आकडे सार्वजनिक कागदांत सापडले त्यांची वर्गणी भरली आहे. ज्यांचे सापडले नाहीत, त्यांच्या जागी अंदाज लिहिण्याचा मोह झाला होता, तो आवरला. ते रकाने तसेच कोरे छापले आहेत आणि प्रत्येकासमोर तो आकडा कुठल्या कार्यालयातल्या कुठल्या कागदावर असायला हवा, हे लिहिलं आहे. वाचकानं पेन्सिल घेऊन बसावं. शेवटचा रकाना भरला की खालच्या ओळीत त्यांच्या प्रश्नाचं उत्तर येईल.